पहिला तुकडा रंगतो, दुसरा कोराच राहतो: घरगुती ॲनोडायझिंगमधील नेहमीचा बिघाड आणि त्याचा उपाय

दहावीच्या विज्ञानात ज्याला धनाग्रीकरण म्हणतात, ते ॲल्युमिनियमचे ॲनोडायझिंग प्रकल्प म्हणून निवडणारी मुले दरवर्षी जवळजवळ एकच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. यात ॲल्युमिनियमचा तुकडा तारेने वीजपुरवठ्याच्या धन टोकाला जोडून पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवतात, विजेने त्यावर ऑक्साइडचा थर चढवतात आणि मग तो थर रंगात बुडवून रंगवतात. पहिल्या दिवशी केलेला तुकडा सुरेख निळा झालेला असतो. दुसऱ्या दिवशी तेच द्रावण, तोच वीजपुरवठा, तीच तार आणि तेवढाच वेळ ठेवूनही तुकडा रंगाच्या भांड्यातून जसाच्या तसा बाहेर येतो, आणि नळाखाली धरला की उरलासुरला रंगही वाहून जातो. प्रदर्शन चार दिवसांवर आलेले असते, त्यामुळे मुले घाईने दोन निष्कर्ष काढतात: एक तर ॲसिड ‘उतरले’ असावे, किंवा रंग खराब निघाला असावा. मग द्रावणात आणखी ॲसिड घातले जाते, नवा रंग आणला जातो, आणि तिसरा तुकडाही कोराच राहतो.

यातला पहिला उपाय केवळ निरुपयोगी नाही, तर धोक्याचाही आहे, म्हणून त्याबद्दल आधी सांगतो. दोन लिटर द्रावणात दोन-चार लहान तुकडे केल्याने सल्फ्युरिक ॲसिडची ताकद जाणवण्याइतकी कमी होत नाही. द्रावण एकदा वजनाने १५ ते २० टक्क्यांचे झाले की संपूर्ण प्रकल्प त्यात आरामात पार पडतो. मोटारीच्या बॅटरीत भरतात ते ॲसिड साधारण ३५ ते ३७ टक्क्यांचे असते. त्याच्या एका भागाला दीड भाग डिस्टिल्ड वॉटर घेतले की आपल्याला हवे तेवढे पातळ द्रावण मिळते. हे मिश्रण शिक्षकांनी किंवा पालकांनीच करावे, डोळ्यांवर गॉगल आणि हातांत रबरी मोजे असावेत, आणि नेहमी पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातल्यापासून १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकता येत नाही आणि मोठ्यांनाही ओळखपत्र दाखवावे लागते. त्यामुळे मुलांनी स्वतः दुकानात जाऊन ते आणण्याचा प्रश्नच येऊ नये.

तर मग बिघाड नेमका कुठे आहे? वर मी ‘तीच तार’ असे लिहिले आहे. पाणी मुरते ते तिथेच.

मागच्या डिसेंबरमध्ये नववीतील एक विद्यार्थिनी आपली सगळी मांडणी घेऊन प्रयोगशाळेत आली होती. तिने किल्ल्यांच्या जुडग्याला लावण्याचा पाच सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद तुकडा कापला होता, कोपऱ्यात भोक पाडले होते आणि त्यात ॲल्युमिनियमची तार आकड्यासारखी वाकवून अडकवली होती. वीजपुरवठा १५ व्होल्टवर सुरू केला तेव्हा ॲमीटरने ०.६ अँपिअर दाखवले. मिनिटभरात आकडा ०.४ वर आला, मग ०.२ वर, आणि तिसरे मिनिट संपायच्या आत काटा ०.०५ च्या खाली येऊन तिथेच थांबला. तिने पाऊण तास पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली, कारण तिच्या वहीत ४५ मिनिटे असे लिहिले होते. नंतर तार आणि तुकडा एकत्रच रंगात बुडवले. बाहेर काढल्यावर तुकडा चकचकीत पांढरा होता आणि बुडालेली तार मात्र टोकापर्यंत गडद निळी झाली होती. निदान तिच्या हातातच होते. वीज तारेपर्यंत पोहोचत होती, तारेतून तुकड्यात जात नव्हती.

असे का होते हे समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. धनाग्राला, म्हणजे पुरवठ्याच्या धन टोकाला, जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर वाढत जातो, आणि हा ऑक्साइड विजेचा उत्तम रोधक आहे. द्रावणाच्या बाजूने त्याच्यात अतिसूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांच्या तळाशी अगदी पातळ पापुद्रा असतो, म्हणून थर वाढत असतानाही त्यातून विद्युतप्रवाह चालू राहू शकतो. परंतु जिथे तार तुकड्याला नुसती टेकलेली असते तिथे त्या फटीत द्रावण शिरते आणि दोन्ही धातूंवर थर चढू लागतो. तारेचा आकडा केसभर जरी सरकला तरी धातूला धातू लागण्याऐवजी ऑक्साइडला ऑक्साइड लागतो आणि जोड तिथेच संपतो. द्रावणातून निघणारे बुडबुडे किंवा टेबलाला बसलेला एखादा धक्काही तेवढे सरकण्यास पुरेसा होतो. जोड घट्ट असेल तर द्रावण त्या जागी पोहोचतच नाही आणि तेवढा बिंदू शेवटपर्यंत उघडा धातू राहतो. कारखान्यातून आलेल्या खिडकीच्या सेक्शनच्या टोकांजवळही पकडीचे असे बिनथराचे डाग असतात.

आता दुसऱ्या दिवसाचे कोडे सुटते. पहिल्या दिवशी तार नवी होती, त्यामुळे जोड सैल असला तरी नशिबाने टिकून राहिला. त्या पाऊण तासात तारेच्या बुडालेल्या सगळ्या भागावर थर चढला. दुसऱ्या दिवशी तीच तार नव्या तुकड्यात अडकवली, म्हणजे प्रत्यक्षात रोधकाचे वेष्टन असलेली तार अडकवली. अशा वेळी ॲसिड बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तारेवरचा हा थर डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसलाच तर किंचित मळकट करडी छटा दिसते, म्हणून मुलांच्या ते लक्षात येत नाही. मल्टिमीटर रोध मोजण्याच्या स्थितीत ठेवून त्याची दोन्ही टोके वापरलेल्या तारेवर अलगद टेकवा. मीटर काहीच वहन दाखवणार नाही. मग पॉलिश पेपरने तार घासून पुन्हा तपासा; आकडा शून्याच्या जवळ येईल. टोके जोरात दाबू नका, नाहीतर ती थर फोडून आत जातात आणि फसवा आकडा मिळतो. माझ्या मते ही तपासणी प्रकल्पाच्या तक्त्यावर छायाचित्रासह लावण्याजोगी आहे, कारण ऑक्साइडचा थर वीज अडवतो हे पाहणाऱ्याला तिथल्या तिथे दाखवता येते.

उपाय साधा आहे, पण तो प्रत्येक तुकड्याच्या वेळी न चुकता करावा लागतो. प्रत्येक वेळी तारेचे वापरलेले टोक कापून टाकावे, किंवा वापरलेला भाग घासून उघडा धातू दिसेपर्यंत साफ करावा. तार ॲल्युमिनियमचीच हवी. तांब्याची किंवा लोखंडी तार द्रावणात बुडाली तर ती स्वतःच विरघळू लागते, द्रावण खराब होते आणि तुकड्यावर थर धरत नाही. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्व्हिस वायरीतील ॲल्युमिनियमची तार या कामाला चांगली असते, कारण ती जवळजवळ शुद्ध असते. तिचा एकच दोष म्हणजे ती नरम असते, तिला स्प्रिंगसारखा ताण नसतो, आणि म्हणून आकडा करून अडकवल्यास ती हमखास सैल होते. तेव्हा आकडा करूच नये. तारेच्या जाडीपेक्षा किंचित लहान भोक पाडावे, तारेचे टोक कानशीने थोडे निमुळते करावे आणि लहान हातोडीने ते भोकात ठोकून बसवावे. नंतर तुकडा हातात धरून तार ओढून पाहावी. तुकडा तारेवर जराही फिरला किंवा डुलला तर जोड झालेला नाही असे समजावे, मल्टिमीटर काहीही म्हणो. कोरड्या अवस्थेत सैल जोडही शून्य ओहम दाखवतो. तो तुटतो तो द्रावणात गेल्यावर. क्रोकोडाइल क्लिप मात्र नेहमी द्रावणाच्या वर, कोरड्या तारेलाच लावावी.

प्रवाहाकडे पाहत राहणे

वीजपुरवठा सुरू करून मुले दुसऱ्या कामाला लागतात. पहिली पाच मिनिटे मात्र ॲमीटरसमोरच बसावे, कारण जवळजवळ सगळे बिघाड तेवढ्या वेळात दिसून येतात आणि उरलेली चाळीस मिनिटे वाचवता येतात. व्होल्टता स्थिर ठेवणारा पुरवठा असेल तर प्रवाह सुरुवातीला थोडा उतरतो आणि मग बराच वेळ एका पातळीवर टिकतो. तो उतरतच राहून शून्याकडे गेला तर जोड तुटला आहे. प्रवाह स्थिर ठेवणारा पुरवठा असेल तर हीच खूण उलट्या बाजूने दिसते: व्होल्टता सावकाश थोडी वाढण्याऐवजी झपाट्याने वर जाऊन कमाल मर्यादेला टेकते. दोन्ही वेळी पुरवठा बंद करून तुकडा बाहेर काढावा आणि जोड नव्याने करावा. चालू स्थितीत तार हलवून ‘लागतेय का’ हे पाहू नये; क्षणभर प्रवाह वाढतो, ठिणगी पडू शकते आणि ऋणाग्रावर, म्हणजे ऋण टोकाला जोडून द्रावणात सोडलेल्या पत्र्यावर, निघणारा हायड्रोजन त्याच जागी असतो.

किती प्रवाह अपेक्षित आहे हे आधी माहीत नसेल तर आकडा पाहूनही उपयोग होत नाही. एक चौरस डेसिमीटर, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, पृष्ठभागाला साधारण १.२ ते १.५ अँपिअर हे नेहमीचे प्रमाण आहे. क्षेत्रफळ काढताना मुले एकच बाजू धरतात. वरच्या उदाहरणातील तुकड्याची जाडी दोन मिलिमीटर होती. त्याच्या दोन्ही बाजूंचे मिळून ४० चौरस सेंटिमीटर, कडांचे सुमारे साडेतीन, आणि दोन मिलिमीटर जाडीची तार दहा सेंटिमीटर बुडाली असेल तर तिचे सहा, असे एकूण ५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास होतात. त्याला ०.६ अँपिअर लागतात. एकच बाजू धरून ०.२५ अँपिअर दिले तर तेवढ्याच वेळात निम्म्याहूनही कमी थर चढतो आणि रंग फिका बसतो. थराच्या जाडीचा हिशेबही याच आकड्यांवरून होतो: एका चौरस डेसिमीटरला एक अँपिअर या दराने एक मायक्रॉन थर चढायला साधारण तीन मिनिटे लागतात. त्यानुसार १.२ अँपिअरने पाऊण तासात १७ मायक्रॉनच्या जवळपास थर मिळतो आणि गडद रंगासाठी तो पुरेसा असतो.

जोड घट्ट असूनही रंग बसला नाही तर

अशा वेळी रंगात बुडवलेली तार पुन्हा पाहावी; तिच्याइतकी खरी साक्ष दुसरी नाही. तार रंगली आणि तुकडा कोरा राहिला तर दोष जोडाचा, किंवा क्वचित तुकड्याचा. तुकड्याचा दोष म्हणजे तो आधीच थर दिलेला असणे. फॅब्रिकेशनच्या दुकानातून आणलेला स्लायडिंग खिडकीचा तुकडा ॲनोडायझिंगसाठी उत्तम मिश्रधातूचा असतो, पण बहुतेक वेळा त्यावर कारखान्यातलेच ॲनोडायझिंग किंवा पावडर कोटिंग असते. भोकातील ताज्या कापलेल्या धातूला वीज मिळते, बाकीच्या पृष्ठभागाला मिळत नाही. आणल्याबरोबर मल्टिमीटरने तपासल्यास हा घोळ टळतो.

तार आणि तुकडा दोन्ही कोरे राहिले तर आधी जोडणीची दिशा पाहावी. तुकडा धन टोकाला असायला हवा. बुडबुडे जोरात निघतात ते ऋणाग्रावर. तुकड्यावरच फसफस दिसत असेल तर टोके उलटी लागली आहेत. दिशा बरोबर असेल तर संशय रंगावर घ्यावा. थरातील छिद्रे साधारण १० ते २० नॅनोमीटर रुंद असतात. त्यात विरघळलेल्या रंगाचे रेणू शिरतात, पोस्टर कलर किंवा ऑइल पेंटमधील रंगद्रव्याचे कण शिरू शकत नाहीत, कारण ते कितीतरी मोठे असतात. कापड रंगवण्याचा पाण्यात पूर्ण विरघळणारा रंग घ्यावा आणि पहिल्यांदा थर चढवलेल्या एका लहान तुकड्यावर थेंब टाकून पाहावा: दोन मिनिटांनी पुसल्यावर डाग उरला तर रंग चालेल. रंगाचे द्रावण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. ते उकळते ठेवले तर छिद्रे रंग आत जाण्याआधीच बंद होऊ लागतात, आणि इथे चुकणारी मुलेही थोडी नाहीत.

तार आणि तुकडा दोन्ही रंगले, पण तुकडा डागाळला, तर प्रश्न स्वच्छतेचा आहे. बोटाचा ठसा रंगानंतर अगदी रेषांसह उमटलेला मी पाहिला आहे. साबणाने घासून धुतल्यानंतर तुकड्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, तारेनेच उचलावा. पाणी सगळ्या पृष्ठभागावर सलग पसरले पाहिजे. थेंब होऊन तुटत असेल तर तेलकटपणा शिल्लक आहे. कॉस्टिक सोड्याच्या पाच टक्के कोमट द्रावणात मिनिटभर बुडवल्यास पृष्ठभाग एकसारखा होतो, मात्र हे द्रावण डोळ्यांसाठी ॲसिडपेक्षाही घातक आहे, आणि ते ॲल्युमिनियमच्या, म्हणजे घरात ज्याला जर्मनची भांडी म्हणतात त्या भांड्यात चुकूनही करू नये. ते भांडे खाते आणि हायड्रोजन सोडते. एकच बाजू फिकी राहिली तर ऋणाग्राचा पत्रा त्या बाजूला नाही, इतकाच त्याचा अर्थ. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा एकेक पत्रा लावावा. शिसे वापरण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला असतो, पण ते विषारी आहे आणि शालेय प्रकल्पात त्याची काहीच गरज नाही. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकासारखे खड्डे दिसले तर द्रावणासाठी नळाचे पाणी वापरले आहे का ते विचारावे, कारण त्यातील क्लोराइड थराला ठिकठिकाणी पोखरते. बोअरचे खारे पाणी तर मुळीच चालत नाही.

रंग बसतो, पण बोटाने घासल्यावर खडूसारखी पूड निघते, ही उन्हाळ्यातील तक्रार आहे. द्रावण १८ ते २२ अंशांत असायला हवे. एप्रिल-मे महिन्यात जळगाव किंवा नागपूरच्या बाजूला सावलीत ठेवलेले द्रावणही ३५ अंशांच्या पुढे जाते, आणि अशा उष्ण ॲसिडमध्ये थर एकीकडे वाढतो तर दुसरीकडे विरघळत जातो. त्यात प्रयोगाची स्वतःची उष्णता मिळते: तीन तुकडे एकदम लावून १५ व्होल्टवर १.८ अँपिअर चालवले तर २७ वॅट खर्च होतात, आणि उष्णता बाहेर गेली नाही तर दोन लिटर द्रावण पाऊण तासात आठ-नऊ अंशांनी तापते. बर्फ द्रावणात टाकायचा नसतो. प्लॅस्टिकचे भांडे बर्फाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवावे आणि अधूनमधून काचेच्या कांडीने ढवळावे. याच्या उलट, नाशिकच्या डिसेंबरमधील पहाटे द्रावण दहा-बारा अंशांवर असेल तर थर दाट आणि कठीण बनतो आणि रंग फिका बसतो. तिथे दुपारची वेळ धरावी.

रंगानंतर तुकडा उकळत्या पाण्यात ठेवून छिद्रे बंद करतात, आणि तिथे रंग पाण्यात उतरताना दिसला की मुले घाबरून तुकडा बाहेर काढतात. थोडा रंग उतरणे स्वाभाविक आहे. जास्त उतरत असेल तर तुकडा पाण्यात न बुडवता झाकण लावलेल्या स्टीलच्या भांड्यात, मोदकपात्राच्या जाळीवर, वाफेत ठेवावा. ते मोदकपात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. एका मायक्रॉनला दोन ते तीन मिनिटे या हिशेबाने १७ मायक्रॉनला पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत काढलेला तुकडा प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी हाताळून हाताळून फिका पडतो.

बिघडलेला तुकडा फेकून देण्याचे कारण नाही. तो त्याच पाच टक्के कॉस्टिकमध्ये बुडवला की आधी काही घडताना दिसत नाही, मग रंग सुटतो आणि पृष्ठभागावर सगळीकडून एकसारखी फसफस सुरू होते. ही फसफस सर्वत्र दिसली की थर निघाला असे समजून तुकडा लगेच बाहेर काढावा, भरपूर पाण्याने धुवावा, काळपट साय आली असल्यास ती ब्रशने घासून काढावी. भोक आता किंचित मोठे झालेले असते, म्हणून जुन्या मापाची तार त्यात सैल बसेल. थोडी जाड, नवी तार ठोकून बसवावी, ओढून पाहावी आणि पहिली पाच मिनिटे ॲमीटरसमोर बसावे.